नॅरोगेज लेआउटची घरोघर फेरी, आणि स्टॅफर्डशरमध्ये भेटलेली बार्शी लाइट

रूळवेडी

लेआउट म्हणजे रूळ, स्टेशन, डोंगर, झाडं, माणसं यांसकट घरात उभारलेली छोटी रेल्वे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि नॅरोगेज म्हणजे ते कमी असलेली रेल्वे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात नॅरोगेजची अशी लेआउट करणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. उन्हाळ्यात एखादा शनिवार ठरवून आम्ही दोन-तीन गाड्यांत दाटीवाटीनं बसतो आणि एकमेकांच्या घरची लेआउट बघत फिरतो. यंदाची फेरी स्टॅफर्डशर आणि डर्बीशरच्या सीमेवरच्या गावांत होती. मी मूळची बार्शीची, त्यामुळे या फेरीबद्दल इथे लिहिल्याशिवाय राहवेना. का ते पुढे कळेलच.

पहिल्या घरी गॅरेजमध्ये वेल्समधली स्लेटची खाण होती. सुबक काम, पण असं वेल्स आम्ही बरंच पाहिलेलं आहे. दुसऱ्या घरी शिडीनं पोटमाळ्यावर चढायचं होतं. तिथे पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा नेणारी दोन फुटी रेल्वे उभी केली होती. अमेरिकेत बनलेली बाल्डविनची छोटी इंजिनं, चिखल, तुटकी झाडं. युद्ध संपल्यावर यातली काही इंजिनं भारतात साखर कारखान्यांवर आली. खतौलीच्या कारखान्यावर राबलेलं ७७८ नंबरचं इंजिन परत इंग्लंडला नेलं गेलं आणि लेटन बझर्डच्या रेल्वेवर पुन्हा वाफेवर धावलं.

तिसरं घर मात्र माझ्यासाठी वेगळंच निघालं. बागेतल्या लाकडी खोलीत तीन भिंतींना धरून 'लीक अँड मॅनिफोल्ड' रेल्वे होती. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैलांची अडीच फुटी लाइन. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. इंग्लंडच्या खेड्यात न शोभणारे दोन्ही टोकांना व्हरांडे असलेले लांब बोगी डबे, आणि इंजिनावर अंधाऱ्या मुलखात लागावा तसला भला मोठा हेडलॅम्प. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सगळं जरा वसाहतीतलं वाटतं, नाही?" मी म्हटलं, वाटतं कशाला, आहेच ते! हे तर आमच्या बार्शी लाइट रेल्वेचं धाकटं भावंड.

दोन्ही रेल्वेंमागे माणूस एकच, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ मध्ये तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला. बार्शीची बाजारपेठ मुख्य लाइनपासून एकवीस मैल लांब राहिलेली त्यानं पाहिली आणि अडीच फुटी गेजचा ध्यास घेतला. त्याचं मुख्य सूत्र असं, की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघिण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि तरी वाघिणीत माल भरपूर मावतो. हे सगळं सामान भारतात धाडण्याआधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून चालवून दाखवलं. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. लीक अँड मॅनिफोल्ड सात वर्षांनंतरची. म्हणजे बार्शीला जे सिद्ध झालं ते इंग्रजांनी आपल्या मुलखात नेलं. इंजिनंसुद्धा दोन्हीकडची लीड्सच्या किटसन कंपनीची. बार्शीला आठ जोडलेल्या चाकांची, मागे चार छोटी चाकं असलेली. इकडे सहा जोडलेली, पुढे दोन, मागे चार.

घरमालकांनी मला स्टुलावर बसवलं, कंट्रोलर हातात दिला आणि वॉटरहाउसेसला 'ट्रान्सपोर्टर' चालवायला सांगितलं. ही कॅल्थ्रॉपची आणखी एक करामत. मोठ्या गेजची आख्खी वाघिण एका बुटक्या नॅरोगेज गाडीवर चढवायची आणि तशीच दरीत न्यायची, म्हणजे माल उतरवून पुन्हा भरायला नको. मॉडेलमध्ये हे सोपं नाही. मोठ्या गेजचे रूळ जिथे संपतात तिथे ट्रान्सपोर्टरच्या दोन पट्ट्या बरोबर समोरासमोर यायला लागतात, केसभर फरक पडला की चाक अडकतं. त्यांनी प्लॅटफॉर्मच्या कडेला पितळेची एक बारीक खिट्टी बसवली आहे, ती ट्रान्सपोर्टरला जागेवर धरून ठेवते. दुधाची टाकी चढली की सगळं वर जड होतं आणि वळणावर कलंडतं, म्हणून ट्रान्सपोर्टरच्या पोटात शिशाच्या पातळ पट्ट्या भरलेल्या. टाकी टकटक आवाज करत वर सरकली, खिट्टी सुटली, आणि इंजिन ते धूड घेऊन निघालं. थॉर्स केव्हची गुहा असलेला कडा, नदीवरचे पूल, स्वेन्सलीचा बोगदा आणि ह्यूम एंड. एकाच गाडीच्या मागे डोळे ठेवून पूर्ण लाइन पाहिली.

जी रेल्वे कुणीही चालताना पाहू शकत नाही ती त्या खोलीत वेळापत्रकानुसार चालते आहे. मॅनिफोल्डची मॉडेलं इथे कितीतरी जणांनी केली आहेत, नकाशे आहेत, आराखडे आहेत. बार्शी लाइट तिच्या कितीतरी पट मोठी. पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेलेली, जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटरची. तिचं लेआउट कुणी केलंय का? करायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ज्यांनी तिच्यात प्रवास केला ती माणसं सांगायला आहेत तोवरच. कुणाला माहिती असेल तर इथे लिहा.

शिट्टी

सुंदर लिहिलंय ताई. बार्शीचं पोर असून इंग्लंडातल्या या भावंडाची गोष्ट आज पहिल्यांदा कळली. वाचनखूण साठवली.

कुर्डुवाडीकर

रूळवेडीताई, वाचून अंगावर काटा आला. वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. घरात जेवायला बसलं तरी बोलणं बॉयलर ट्यूब आणि ब्रेक ब्लॉकचंच.

तुम्ही ट्रान्सपोर्टरचं लिहिलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे माल हमालांच्या पाठीवरून जायचा. एका बाजूला छोटी वाघिण, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजची, मध्ये फळी. ज्वारी, शेंगा, सरकी, सगळी पोती त्या फळीवरून. संध्याकाळी यार्डात सांडलेले दाणे टिपायला चिमण्यांचे थवे उतरायचे. लेआउट करणार असाल तर कुर्डुवाडीचं हे यार्ड करा. दोन्ही गेज एकाच ठिकाणी, वर्कशॉप, पाण्याची टाकी, आणि हमाल हवेतच, त्यांच्याशिवाय ते स्टेशन पुरं होत नाही.

आणि आषाढी! पंढरपूरच्या यात्रेवर ही रेल्वे जगली. एकादशीच्या आधी गाडीच्या टपावर, पायऱ्यांवर, बफरवर माणसं. टाळ वाजत असायचे, इंजिनाची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. वडील त्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला येत.

नवखा_पिंपरी

धागा फार आवडला. मला सुरुवात करायची आहे, पण वन बीएचकेमध्ये राहतो. तुमच्यासारखी बागेतली खोली नाही, तळघर नाही. नॅरोगेज किती जागेत बसतं? आणि ००९ वगैरे आकड्यांचा अर्थ कुणी समजावेल का?

मोजपट्टी

@नवखा, सांगतो. ब्रिटनमध्ये चार मिलिमीटरला एक फूट हे प्रमाण जुनं, म्हणजे १:७६. त्या प्रमाणातली नॅरोगेज गाडी ९ मिमी रुळावर चालवली की ते ००९. रूळ ९ मिमीचे का, तर एन गेजच्या छोट्या गाड्यांचे रूळ, चाकं आणि मोटारी आयत्या मिळतात. एडिनबर्गच्या पी. डी. हॅन्कॉक यांनी आपल्या 'क्रेग अँड मर्टनफर्ड' लेआउटमधून या प्रमाणाला लोकप्रिय केलं. ००९ सोसायटी १९७३ पासून आहे.

आता आपल्या कामाचं गणित. बार्शीचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. १:७६ मध्ये त्याला अचूक रूळ हवेत १० मिमीचे, आणि मिळतात ९ चे. डोळ्याला गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसते. पण १:८७ घेतलं, म्हणजे एचओ, तर ७६२ भागिले ८७ येतात ८.७६ मिमी. आयत्या ९ मिमी रुळाशी फरक पाव मिलिमीटरचा! म्हणून माझं स्पष्ट मत, बार्शी, पुलगाव-आर्वी, यवतमाळची शकुंतला, सातपुड्यातल्या गाड्या, म्हणजे आपल्याकडचं सगळं अडीच फुटी काम १:८७ मध्येच करावं. माथेरान वेगळं, ते दोन फुटी. १:८७ मध्ये त्याला ७ मिमी लागतात.

जागेचं म्हणाल तर चाळीस फुटी बोगी डबा १:८७ मध्ये १४ सेंटिमीटर भरतो. पाच डबे आणि इंजिन मिळून गाडी ९० सेंटिमीटरच्या आत. पुस्तकांच्या फळीएवढ्या जागेत, आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद, एक छान स्टेशन होतं. पलंगाच्या वर भिंतीला कंस लावून बसवा. एका टोकाला पडद्यामागे तीन-चार रूळ ठेवायचे, त्याला फिडल यार्ड म्हणतात. गाडी तिथून 'पंढरपूरहून' येते आणि तिथेच 'लातूरला' जाते.

रूळवेडी

@मोजपट्टी, इथले मित्र ००९ सोडायला तयार नाहीत, कारण त्यांच्याकडे घरं, माणसं, मोटारगाड्या सगळं १:७६ चं मिळतं. पण बार्शीसाठी तुमचं गणित पटलं. आपल्याला घरं तशीही हातानंच करायची आहेत.

कुर्डुवाडी करायची तर एक अडचण. ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये १९.३ मिमी. आयता रूळ १६.५ चा. त्याचं काय?

मोजपट्टी

भारतीय ब्रॉडगेजची बहुतेक मॉडेलं १६.५ वरच चालतात, डोळा सरावतो. पण कुर्डुवाडीत छोटा आणि मोठा रूळ शेजारीशेजारी असणार, तिथे मोठ्याचा मोठेपणा दिसायलाच हवा. ब्रॉडगेजचा फक्त एक तुकडा लागणार आहे, फळीसमोरचा. तो हातानं घाला. लाकडी स्लीपर कापा, एका बाजूची रूळपट्टी चिकटवा, दुसरी १९.३ वर. त्यावर वाघिण उभीच ठेवायची असेल तर मोटारीचा प्रश्नच येत नाही.

डोंगरगाडी

डेन्व्हरहून लिहितोय. अमेरिकेत नॅरोगेजवाल्यांचं राष्ट्रीय अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं आणि त्याचा सगळ्यात मोठा आनंद म्हणजे आसपासच्या घरांतली लेआउट पाहणं. नकाशा हातात घेऊन लोक दिवसभर एका घरातून दुसऱ्या घरात. इकडचं गेज तीन फुटी. रिओ ग्रँड रेल्वेची लाइन १८८२ मध्ये सिल्व्हरटनच्या चांदीच्या खाणींपर्यंत पोचली, तिची लेआउट तर गल्लोगल्ली. रिओ ग्रँड सदर्नच्या 'गॅलपिंग गूज' प्रत्येक तळघरात भेटतात. प्रवासी घटले तेव्हा १९३१ पासून मोटारीचं तोंड लावून केलेल्या त्या रेल्वेगाड्या. सदर्नची ती लाइन पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उखडली गेली. आज ती लोकांच्या तळघरांत आहे.

ब्रिटिश मंडळी दृश्यावर जीव ओततात, इकडचे चालवण्यावर. परवा एका घरी मी खांद्याएवढ्या उंचीवर कंब्रेस घाट चढवला. खरा घाट दहा हजार पंधरा फुटांवर आहे. प्रत्येक वाघिणीला एक कार्ड असतं, कुठून कुठे, काय माल. माझ्या गाडीत गुरं होती, ती घाटापलीकडच्या यार्डात पोचवायची होती. चढावर एका इंजिनाला झेपेना म्हणून मागून दुसरं लावलं, ते दुसऱ्या मित्राच्या हातात. दोघांनी वेग सारखा ठेवला नाही तर मधल्या वाघिणी रुळावरून उडतात. अडीच तास आम्ही दोघं एकमेकांशी फक्त त्या घाटाबद्दल बोललो.

तुमच्या पोत्यांच्या फळीला अशी कार्डं लावा. लातूरहून आलेली शेंगांची वाघिण रिकामी होईपर्यंत तिला रूळ अडवून धरू द्या. मग यार्डमास्तरची खरी कसरत कळेल.

कोथरूडकर

पुण्यात असलेल्यांनी कोथरूडचं जोशी लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं नसेल तर आधी ते बघा. भाऊ जोशींनी हयातभर जमवलेल्या गाड्यांतून ते उभं राहिलं, १९९८ पासून सर्वांसाठी खुलं आहे. ते एका शहराचं लेआउट आहे, सर्कस, उड्डाणपूल, डोंगरावर दोरानं चढणारी गाडी. नॅरोगेजचं म्हणून नाही, पण सिग्नल आणि गाड्या एकमेकांना कशा बांधलेल्या असतात ते तिथे उभं राहून समजतं. मुलांना पुढे उभं करा आणि तुम्हीही थोडं वाका. लेआउट वरून बघू नये, प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाच्या नजरेनं बघावं.

वाफेचाचाहता

सगळ्यांच्या उत्साहाचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मॉडेलवर एवढा वेळ आणि पैसा घालण्यापेक्षा उरलेलं खरं इंजिन, खरा डबा जपायला तो द्यावा. शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. तिच्या वाटेवरची स्टेशनं पडायला आलीत. छोटी प्रतिकृती म्हणजे शेवटी खेळणं. वारसा म्हणजे लोखंड.

रूळवेडी

@वाफेचाचाहता, लोखंड जपायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण लीक अँड मॅनिफोल्डचं दोन्हीपैकी एकही इंजिन उरलेलं नाही, दोन्ही भंगारात गेली. लाइनची पायवाट झाली, बोगद्यातून आता मोटारी जातात. ह्यूम एंडच्या जुन्या तिकीटघरात माहिती केंद्र आहे, तिथेही स्टेशन बघायचं तर प्रतिकृतीतच. आणि खरं इंजिन जपलं तरी ते एकटं शेडमध्ये उभं असतं. हमाल, फळी, चिमण्या, आषाढीची गर्दी, क्रॉसिंगला थांबलेली दुसरी गाडी, हे लोखंडात राहत नाही. रेल्वे म्हणजे या सगळ्यांचा एकमेकांशी चाललेला व्यवहार. तो लेआउटमध्ये पुन्हा मांडता येतो, म्हणून मी त्याला खेळणं म्हणणार नाही. शिवाय मॉडेल करणारा माणूस खऱ्या डब्याची मापं घेतो, जुने आराखडे शोधतो, निवृत्त माणसांना गाठतो. इथे कित्येक संस्थांमध्ये खरी इंजिनं दुरुस्त करणारे हात आणि घरी मॉडेलं करणारे हात तेच आहेत.

वऱ्हाडी_रूळ

मापांचं निघालं म्हणून. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, अडीच फुटी इंजिनं आणि डबे जवळून पाहता येतात. बार्शीचे नसले तरी चाकांचा व्यास, पायरीची उंची, खिडकीची पट्टी कशी असते हे कळतं. रीतसर विचारून मापं घ्यावी. फोटो काढताना टेप किंवा मोजपट्टी चौकटीत धरा, नंतर फोटोवरून बाकीचं काढता येतं.

आमच्या पुलगाव-आर्वीचंही कुणीतरी मनावर घ्या हो. पस्तीस किलोमीटरच होती, एका खोलीत सहज मावेल.

नवखा_पिंपरी

मोजपट्टी सर, आठ फुटी फळीची भिंत मोजली. खिडकीपर्यंत साडेसात भरते. चालेल ना? झाडं कशी करायची तेही सांगा. बाजारात मिळणारी सगळी पाइनची आहेत, सोलापूरकडे पाइन कुठून आणू?

रूळवेडी

साडेसात छान आहे. बाभळीसाठी तांब्याच्या बारीक तारा पिळून खोड करा, वरून फांद्या छत्रीसारख्या पसरवा. त्यावर काथ्याचे अगदी आखूड तुकडे चिकटवा आणि वर फिकट हिरवा भुसा विरळ भुरभुरा. पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे, गच्च झाली की आंबा वाटतो. जमिनीसाठी गावाकडून काळी माती आणा, चहाच्या गाळणीनं गाळा, तव्यावर भाजून घ्या म्हणजे बुरशी धरत नाही. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बसली की ती आणखी काळी पडते, म्हणून आधी एका पुठ्ठ्यावर करून पाहा.

दुसऱ्यांच्या घरी लेआउट बघायला जाल तेव्हाचंही सांगते. बाह्या वर करा, खांद्यावरची पिशवी बाहेर ठेवा, कुठल्याही गाडीला मालकांनी सांगितल्याशिवाय बोट लावू नका, आणि गाडी रुळावरून उतरली तर मालकांना शांतपणे सांगा. चहाबरोबर काहीतरी घरचं घेऊन जा. माझ्या चकल्यांवर इथल्या तीन घरांची दारं उघडली आहेत.

कुर्डुवाडीकर

रात्री वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ट्रान्सपोर्टरच्या खिट्टीपाशी मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. मग वहीवर यार्ड काढून दिलं. कुठल्या रुळावर हमालांची फळी, कुठे कोळशाचा ढीग, पाण्याचा स्तंभ, राखेचा खड्डा, सगळं. अंतरं पावलांत लिहिली आहेत, त्यांचं पाऊल मी उद्या मोजून घेतो. दोन ठिकाणी त्यांना खात्री नाही, त्यासाठी त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोघांना रविवारी घरी बोलावलं आहे. एक बॉयलरवाले, एक सुतारकामाचे. डब्यांच्या आतल्या बाकांची मापं सुतारकाकांना तोंडपाठ असतील असं वडील म्हणतात.

त्यांना नेमकं काय काय विचारायचं त्याची यादी शनिवारपर्यंत इथे टाका.

मोजपट्टी

माझे तीन प्रश्न. प्लॅटफॉर्म रुळापासून किती उंच होता की जमिनीलगतच होता? मोठा आणि छोटा रूळ यांमधलं अंतर फळीच्या जागी किती? आणि फळी लाकडाची साधी होती की कडेला लोखंडी पट्टी?

डोंगरगाडी

एका वाघिणीत किती पोती, आणि ती रिकामी करायला किती हमालांना किती वेळ लागायचा. कार्डं त्यावरूनच करता येतील.

रूळवेडी

डब्यांचा रंग, आतून आणि बाहेरून. आणि काका, जमलं तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, मापं नंतर काढू.